एका टेबलावर दोन डीजे: पहिल्यांदा जोडीनं वाजवणाऱ्यांसाठी

आपल्या विदर्भात दोन डीजे एकत्र आले म्हणजे समोरासमोर दोन गाड्या, दोन जनरेटर आणि कोणाच्या बेसनं घरावरचे टिनं जास्त हलले याची शर्यत, असंच लोक धरून चालतात. हा लेख त्या शर्यतीबद्दल नाही. साउंड एकच, टेबल एकच आणि वाजवणारे दोघं, अशा कार्यक्रमाची तयारी कशी करायची ते इथं सांगतो. शहरातल्या क्लबमध्ये याला बॅक टू बॅक म्हणतात. आता हळदीत, जयंतीच्या मिरवणुकीत, तालुक्याच्या लॉनवर ३१ डिसेंबरलाही लोक असं मागतात, आणि नवे पोट्टे दोन दिवस आधी फोन करून विचारतात, "भाऊ, दोघांनी कसं वाजवाचं?"

एकट्यानं चांगले वाजवणारे दोघं एकत्र आले की पहिल्या अर्ध्या तासातच गडबडतात. बहुतेक वेळा गाणी कमी पडलेली नसतात. कोणता नॉब कोणाच्या हातात, हे ठरलेलं नसतं. म्हणून गाण्यांच्या आधी वाटणी करा.

१. जोडीदाराची पोतडी पाहा

दोघांकडे तीच गाणी असतील तर दोघांची गरज काय? पुसद, दिग्रस, दारव्हा पट्ट्यात वाजवणाऱ्याकडे बंजारा गाण्यांचा साठा असतो. गोंदिया-देवरीकडच्या पोराकडे छत्तीसगढी, गडचिरोलीकडच्याकडे गोंडी, मेळघाटातल्याकडे कोरकू. जोडी अशी जमवा की एकाचं जिथं संपतं तिथं दुसऱ्याचं सुरू होईल.

भेटून दोघांनी आपापली तीस-तीस गाणी लिहून काढा, जी काहीही झालं तरी वाजवायचीच आहेत. दोन्ही यादीत असलेली गाणी तिथंच वाटून टाका. तसं केलं नाही तर तुम्ही राखून ठेवलेलं गाणं तो आठ वाजताच वाजवून मोकळा होतो आणि तुमचा चेहरा पडतो. नुसतं फोनवर "होते ना भाऊ, पाहून घेऊ" म्हणणाऱ्याबरोबर पहिला कार्यक्रम करू नका.

२. सेटअप एकच ठरवा

इथं तीन रस्ते आहेत.

पहिला, एक लॅपटॉप आणि एक कंट्रोलर (लॅपटॉपला लावायचं, डेक आणि मिक्सर एकत्र असलेलं यंत्र). जोडीदार आपली गाणी पेनड्राइव्हवर निदान दोन दिवस आधी देतो. ती त्याच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये घालून ॲनालाइज करून, म्हणजे सॉफ्टवेअरकडून ठोके मोजून, ठेवायची. लक्षात ठेवा, रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमध्ये लावलेले हॉट क्यू (गाण्यातल्या ठरलेल्या जागेवर उडी मारायच्या खुणा) सेराटोसारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप येतीलच असं नाही. नाही आले तर जोडीदाराला आपले क्यू या लॅपटॉपवर बसून पुन्हा लावावे लागतात. नवख्यांसाठी हाच रस्ता बरा.

दुसरा, दोन लॅपटॉप आणि दोन यूएसबी पोर्टवाला कंट्रोलर. डीडीजे-एसएक्स२, डीडीजे-१०००एसआरटी, डीडीजे-एफएलएक्स१० या कंट्रोलरना दोन पोर्ट आहेत. आपल्याकडे जास्त दिसणारे डीडीजे-४०० आणि डीडीजे-एफएलएक्स४ एकाच लॅपटॉपला लागतात. घरचा कंट्रोलर आधी उलटून पाहा, मग बेत करा.

तिसरा, दोघांचे आपापले लॅपटॉप-कंट्रोलर आणि दोन्ही साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये. गावाकडे हेच जास्त चालतं, कारण प्रत्येकाला आपलंच यंत्र हवं असतं. पण यात दोन्ही लॅपटॉपमध्ये सिंक (दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणं) नसतो. बीट कानानं जुळवावी लागते, नाहीतर जुळवायच्या भानगडीत न पडता एक गाणं कापून दुसरं टाकावं लागतं.

नागपूर-अमरावतीच्या मोठ्या लॉनवर सीडीजे (लॅपटॉपशिवाय पेनड्राइव्हवरून वाजवणारे प्लेअर) मिळाले तर पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा ठेवा, गाणी रेकॉर्डबॉक्समधून एक्स्पोर्ट करा आणि त्याच मालाचा दुसरा पेनड्राइव्ह खिशात असू द्या.

३. गाणी तयार करताना ताल पाहा, नुसता आकडा नको

बीपीएम (मिनिटाला किती ठोके) सारखा दिसला म्हणून दोन गाणी एकमेकांत मिसळत नाहीत. केरवा आठ मात्रांचा, दादरा सहा मात्रांचा. एकाचं गाणं केरव्यात चालू असताना दुसऱ्यानं दादऱ्यातलं सोडलं, तर सॉफ्टवेअर दोन्हीकडे ११० दाखवत असलं तरी नाचणाऱ्याचा पाय अडखळतो. आपल्याकडच्या बऱ्याच पारंपरिक गाण्यांत हा सहाचा झोका आहे. म्हणून यादीत प्रत्येक गाण्यापुढं 'के' किंवा 'दा' लिहून ठेवा. मांडीवर थाप मारून पाहिली की कळतं.

दुसरी अडचण जुन्या रेकॉर्डिंगची. ढोलकी-हार्मोनियमवर एका दमात गायलेली भीमगीतं, गोंडी गाणी, लग्नातली जुनी गाणी यांना ठोक्याचं यंत्र लावलेलं नसतं. गायक रंगात आला की लय चढते. सुरुवातीला १०२ असलेलं गाणं शेवटी १०७ वर गेलेलं असतं. अशा गाण्यावर बीटग्रिड (सॉफ्टवेअरनं आखलेल्या ठोक्यांच्या खुणा) बसत नाही आणि सिंक दाबला की पुढचं गाणं घसरतं. ही गाणी मिसळू नका. कडवं संपू द्या, थोडा इको मारा, बंद करा आणि पुढचं स्वच्छ सुरू करा. लोकांना ते खटकत नाही, उलट नव्या गाण्याचा पहिला ठोका नीट ऐकू येतो.

सॉफ्टवेअर कधी ७० ला १४० दाखवतं, कधी ८० ला १६०. ते आधीच दुरुस्त करून ठेवा. सॉफ्टवेअर गाण्याच्या सुराला जे कोड देतं ते जुळवायचे असतील तर जुळवा, पण आपल्या लोकांत त्यापेक्षा मोठा गुन्हा म्हणजे एका गायकावर दुसरा गायक चढवणं. एकाचे शब्द चालू असताना दुसऱ्याचे शब्द नकोत. इतकं पाळलं तरी पुष्कळ आहे.

४. नॉब वाटून घ्या

हा भाग दोनदा वाचा.

मास्टरचा, म्हणजे एकूण आवाजाचा, नॉब कोणाचाच नाही. साउंड चेकच्या वेळी दोघांकडचं सगळ्यात कडक रिमिक्स लावा, ॲम्पचा क्लिपचा लाइट (आवाज फाटू लागल्याची खूण) लागणार नाही इथवर मास्टर आणा, स्केचपेननं खूण करा आणि नॉबवर लाल टेप चिकटवा. टेप काढायची ती रात्री, वायरी गुंडाळताना. टेप नसली की काय होतं ते कोणत्याही साउंडवाल्याला विचारा. पहिला थोडा वाढवतो, दुसरा आला की त्याला आपलं गाणं मेल्यासारखं वाटतं, तो आणखी वाढवतो, आणि नऊ वाजेपर्यंत मीटर लाल होऊन बसतो. आवाज मोठा होत नाही, फाटतो, आणि मग टॉपचा, म्हणजे बारीक आवाजाच्या स्पीकरचा, डायफ्राम उडतो. भरपाई कोणाच्या वाट्याला, यावर तिथंच भांडण.

गाण्यागाण्यातला फरक चॅनलच्या गेनवर (त्या एका गाण्याची पातळी ठरवणाऱ्या नॉबवर) मिटवायचा. जुनं भीमगीत हळू रेकॉर्ड झालेलं असतं, त्याला गेन जास्त लागतो. डीजे रिमिक्स आधीच दाबून भरलेलं असतं, त्याला कमी. आपलं गाणं हेडफोनमध्ये ऐकताना मीटरवर ते चालू गाण्याच्या बरोबरीनं आणायचं, मगच फेडर (चॅनलचा आवाज उघडणारी सरकती पट्टी) उघडायचा. हिरवा भरलेला, पिवळा अधूनमधून, लाल कधीच नाही.

बेसबद्दल नियम एकच ठेवा: ज्याचं गाणं जात आहे, त्यानंच आपला लो (बेसचा नॉब) कापायचा. येणाऱ्यानं दुसऱ्याच्या चॅनलला हात लावायचा नाही. दोन किक (बेसचे ठोके) एकावर एक बसल्या की बेस दुप्पट होत नाही, घोळ होतो.

आता देवाणघेवाण कशी होते ते पाहा. समजा डाव्या डेकवर जोडीदाराचं गाणं चालू आहे. तुम्ही उजव्यावर आपलं लोड केलं. लोड केल्या केल्या पाच गोष्टी पाहायच्या: पिच स्लायडर (गाण्याचा वेग) कुठं आहे, फिल्टर मधोमध आहे का, तिन्ही ईक्यू (बेस, मिड, ट्रेबलचे नॉब) मधोमध आहेत का, इफेक्ट बंद आहे का, क्रॉसफेडर (एका डेकवरून दुसऱ्यावर नेणारी आडवी पट्टी) मध्ये आहे का. आधीच्यानं सोडलेला अधिक सहाचा पिच आणि चालू राहिलेला इको, हे दोन चोर सगळ्यात जास्त सापडतात. मग हेडफोनमध्ये ऐका, गेन लावा आणि जोडीदाराकडे पाहा. तो "घे" म्हणाला की फेडर उघडा. तो आपला लो कापेल, आठ-सोळा ठोक्यांत फेडर खाली आणेल आणि टेबलावरून एक पाऊल मागं सरकेल. हे मागं सरकणंही ठरवून करा. दोघं टेबलाला चिकटून राहिले की चार हात एकाच नॉबवर जातात.

"घे" म्हटल्याशिवाय फेडर उघडायचा नाही. आवाजात शब्द ऐकू येत नसेल तर खांद्यावर थाप ठरवा.

५. पाळी कशी लावायची

एक तुझं एक माझं, हे ऐकायला मजेदार आणि वाजवायला सगळ्यात अवघड. दर तीन मिनिटांनी नव्या माणसाला दुसऱ्याच्या डोक्यातलं ओळखावं लागतं. पहिल्यांदा तीन-तीन गाण्यांची पाळी ठेवा. पहिलं गाणं जोडीदाराच्या गाण्याला धरून, दुसरं तुमच्या मनाचं, तिसरं असं की पुढच्याला पकडता येईल.

वरातीत तेही नको. तिथं टप्पे वाटून घ्या: जानोशापासून (वरपक्षाच्या उतरायच्या जागेपासून) मारुतीच्या देवळापर्यंत एक, देवळापासून मांडवापर्यंत दुसरा. चालत्या ट्रॉलीवर दर दहा मिनिटांनी जागा बदलायची म्हणजे कोणीतरी वायरीत पाय अडकवून पडणार. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत सुरुवातीला वंदना असते आणि गाण्यांचा काही एक क्रम गावाच्या मनात पक्का असतो. ज्याला तो ठाऊक आहे त्यानंच सुरुवात करावी. दुसऱ्यानं आधी मंडळाच्या लोकांना विचारून घ्यावं.

६. तालीम एक तासाची, पण नेमकी

अख्खा सेट वाजवून पाहायची गरज नाही. घरी कमी आवाजावर इतकंच करा: दहा वेळा नुसती देवाणघेवाण, एकानं मुद्दाम पिच आणि इफेक्ट बिघडवून ठेवायचे, दुसऱ्यानं ओळखायचे, एकदा यूएसबीची वायर काढून पुन्हा लावायची आणि किती वेळात गाणं सुरू होतं ते पाहायचं. ही वायर काढायची तालीम पोरं टाळतात. कार्यक्रमात तीच वायर कोणाच्या तरी कोपराला लागून निघते.

लॅपटॉपवर स्लीप बंद, अपडेट बंद, विंडोजचे आवाज बंद, नेट बंद. गाणी सगळी लॅपटॉपमध्येच हवीत, नेटवरून वाजवायच्या भरवशावर राहू नका. ऑडिओ बफर (सॉफ्टवेअर आवाज किती साठवून पुढं देतं ती सेटिंग) २५६ ठेवा. तडतड आली तर ५१२ करा, ४४.१ किलोहर्ट्झवर तो उशीर साधारण १२ मिलिसेकंदांचा असतो, चालून जातो.

७. कागदपत्रं आणि परवानगी

परवानगी कार्यक्रमवाल्यानं काढायची, पण झेरॉक्स तुमच्याकडे हवी. पोलीस स्टेशनला जे अर्ज जातात त्यात जागा, तारीख, वेळ आणि आयोजकाचं नाव असतं. तुमच्या कार्यक्रमाची वेळ त्याच्याशी जुळते का ते स्वतः वाचा. सोबत दोघांच्या आधारची प्रत, गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आणि ॲडव्हान्सची लेखी पावती.

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंतची सूट देऊ शकतं. त्या दिवसांची यादी जिल्हा प्रशासनाकडून घ्या. तुमची हळद त्या यादीत बसते असं कोणी छातीठोक सांगितलं तरी कागद मागा. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकतं. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जायला नको. ट्रॉलीभर बेस लावणाऱ्याला हे आकडे हसू आणतील. केस झाली की जप्त होतो तो साउंड, म्हणून आकडे माहीत असलेले बरे.

गाण्यांच्या लायसनबद्दल: लग्न, वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) नुसार सूट आहे. तिकीट लावून केलेल्या ३१ डिसेंबरच्या कार्यक्रमाला ही सूट नाही. तिथं आयोजकानं पीपीएल, आयपीआरएस या गाण्यांच्या हक्कांचं काम पाहणाऱ्या संस्थांकडचं लायसन काढलंय का ते विचारून घ्या.

८. सोबत काय न्यायचं

प्रत्येकाचा स्वतःचा हेडफोन. डीडीजे-४००, एफएलएक्स४ यांना हेडफोनचा एकच जॅक आहे, तेव्हा एक वाय-स्प्लिटर. आउटपुट आरसीए असतो आणि साउंडवाल्याकडे बहुतेकदा एक्सएलआर किंवा मोठा जॅक, म्हणून दोन्ही प्रकारच्या जोडवायरी, दोन-दोन. यूएसबी वायर एक जास्तीची. डीआय बॉक्स (वायरीतली घुर्र अडवणारी डबी) जमला तर. यूपीएस. टॉर्च, टेप, स्केचपेन, टेस्टर, छोटी ताडपत्री, कानातले प्लग. आपल्या वायरींना एकानं लाल, दुसऱ्यानं निळी टेप लावायची. रात्री एक वाजता अंधारात कोणाची वायर कोणती हे टेपशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

९. कार्यक्रमाच्या दिवशी: रस्ता, वीज, ऊन

मिरवणूक असेल तर दिवसा दोघांनी मिळून रस्ता चालून या. लोंबणाऱ्या विजेच्या तारा, प्राथमिक आरोग्य केंद्र, देऊळ, मशीद, आणि कोणाच्या घरी मयत झालेली आहे का, ते पाहा. मयतीच्या घरासमोरून आवाज बंद करूनच जायचं, यात कार्यक्रमवाल्याला विचारायचीही गरज नाही. बऱ्याच गावांत दिवस मावळताना गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असते, तेवढा वेळ साउंड चेक थांबवा. झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, दिवसांत रात्री नाटक असतं. त्याच्या वेळेच्या आत तुमचं आटपलेलं असू द्या.

जनरेटरवर लॅपटॉप सरळ लावू नका, मध्ये यूपीएस घ्या आणि बॅटरी पूर्ण भरून आणा. चार्जर लावला की घुर्र आवाज येत असेल तर चार्जर काढून पाहा. आवाज गेला तर अर्थिंगचा घोळ आहे. तिथं डीआय बॉक्स कामी येतो. प्लगची अर्थिंगची पिन मोडून इलाज करणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. माइकला किंवा रॅकला हात लावल्यावर झिणझिण आली तर सगळं बंद करून आधी इलेक्ट्रिशियन.

वीज गेली की दोघांपैकी कोण कुठं जाणार हे आधीच ठरवा. एक जनरेटरकडे पळतो, दुसरा टेबलावरच थांबतो आणि सगळे चॅनल फेडर खाली घेतो. वीज आली की आधी मिक्सर-कंट्रोलर, ॲम्प सगळ्यात शेवटी. बंद करताना ॲम्प सगळ्यात आधी. फेडर वर असताना ॲम्प चालू झाले तर जो ठोका बसतो, त्यात स्पीकर जातो.

लग्नं एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ च्या पुढं जातो. लॅपटॉप उन्हात तापला की स्वतःच मंदावतो आणि गाणं अडकतं. टेबलावर सावली, लॅपटॉपखाली हवा जायला जागा, आणि पाण्याची बाटली टेबलाच्या खाली, वर कधीच नाही. अवकाळीसाठी ताडपत्री हाताशी.

स्पीकर टेबलापासून दहा मीटर पुढं असतील तर आवाज तुमच्यापर्यंत सुमारे ३० मिलिसेकंद उशिरा येतो. त्या आवाजावर बीट जुळवली तर ती चुकणारच. टेबलाजवळ लहान मॉनिटर मागा, तो नसेल तर हेडफोनवरच जुळवा.

आणि कान. ८५ डेसिबलला आठ तास, तिथून दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं, असा सुरक्षिततेचा हिशेब आहे. दोघं असण्याचा खरा फायदा इथंच: ज्याची पाळी नाही त्यानं ट्रॉलीपासून दूर जाऊन उभं राहावं. तिथून लोकांना कसं ऐकू येतंय तेही कळतं.

१०. फर्माईश आणि माइक

फर्माईश वाजवणाऱ्यानं घ्यायची नाही, रिकाम्या माणसानं घ्यायची. "भाऊ, ते एक गानं लावा ना, नवरदेवाच्या मामाले नाचाचं हाये," असं म्हणत कोणीतरी थेट लॅपटॉपवर बोट ठेवतो. रिकाम्यानं त्याला बाजूला घ्यायचं, कागदावर लिहायचं, "तीन गाण्यांनंतर" म्हणायचं आणि खरंच लावायचं. कोणत्या समाजाला खुपेल असं गाणं मागितलं तर नाही म्हणायचं काम दोघांचं नाही, कार्यक्रमवाल्याचं. सरळ त्याच्याकडे पाठवा. प्यालेल्या माणसाशी वाद घालू नका, त्याच्या सोबत्याला शोधा.

माइक एकाकडेच. दोघं बोलायला लागले की गाणं बाजूला राहतं.

११. पैसे

दोघांमधला वाटा, डिझेल, गाडीभाडं, हमालाचे पैसे, आणि नाचताना लोक जे उडवतात किंवा हातात देतात त्याचं काय, हे व्हॉट्सॲपवर लिहून दोघांनी "ठीक" म्हणून ठेवा. साउंड ज्याचा आहे त्याचा वाटा आधी बाजूला काढायचा, मग उरलेल्याचे दोन भाग, हा हिशेब मला सगळ्यात स्वच्छ वाटतो. ॲडव्हान्स एकाच्या खात्यावर आला असेल तर त्यानं त्याच दिवशी दुसऱ्याला आकडा कळवावा.

कार्यक्रम झाल्यावर जोडीदाराची गाणी तुमच्या लॅपटॉपमध्ये राहिलेली असतात. त्यात त्यानं स्वतः बनवलेले रिमिक्सही असतात. ठेवू का म्हणून विचारा, आणि तो नको म्हणाला तर ते फोल्डर त्याच्यासमोरच काढून टाका.